रोहण्याहून निघालेली वीणा

आमच्या रोहण्याच्या विठ्ठल मंदिरातली वीणा एकदा मेटॅडोरमध्ये बसून अर्धा जिल्हा फिरून आली. साल १९८४ होतं, महिना मार्गशीर्ष.

दत्तजयंतीचा सप्ताह आमच्या गावात दरवर्षी बसतो. सप्ताह बसला की सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकानं गळ्यात अडकवून उभं राहायचं, तार छेडत नाव घ्यायचं, त्याची वेळ संपली की दुसऱ्यानं यायचं. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. याला पहारा म्हणतात. तेव्हा पहारे पुरुषांचेच असत. बायकांनी सकाळी सडा-रांगोळी करायची आणि मग खांबाच्या मागच्या बाजूला बसून ऐकायचं.

विमलाबाईला हे फार लागायचं. आमचं बायकांचं भजनी मंडळ तिनंच उभं केलेलं. पुलगाव-आर्वीपर्यंत तिच्या भजनाची बोलावणी यायची, आणि स्वतःच्या गावच्या सप्ताहात मात्र तिनं खांबाआड बसायचं. त्या वर्षी सप्ताहाची बैठक भरली तेव्हा ती सरळ पुरुषांच्या पुढ्यात जाऊन बसली. मंदिराचा कारभार तिच्या दिराकडे होता, बाबारावांकडे.

"भाऊजी, यंदा दोन पहारे आम्हाले द्या," ती म्हणाली.

बाबाराव माणूस वाईट नव्हता. पण त्यांना हसू आलं. "वहिनी, हे टाळ कुटण्यासारखं नाई. बायकाइच्या हातात वीणा टिकते का? लेकरू रडलं, ठेवली. दूध उतू गेलं, ठेवली. अन् बाकीचं तं मी बोलतही नाई."

"बोला ना. इथी परकं कोण हाये?"

बाकीचं म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. महिन्याचे दिवस. आमच्याकडे त्याला 'अडचण' म्हणतात.

विमलाबाई म्हणाली, "आमचा दौरा ठरला हाये. नालवाडी, सेलू, हिंगणी. चार दिवस. वीणा आमच्याजवळ द्या. इथून हातात नेतो, हातातच आणतो. मधात कुठी टेकली, तं मी पुन्हा नाव काढणार नाई."

"अन् नाई टेकली तं?"

"तं पहारे."

"देल्ले," बाबाराव म्हणाले. "पण आल्यावर खरं खरं सांगायचं."

"देवळात उभी राहून खोटं बोलीन का मी?"

झालं. अशी ती पैज लागली. पैज म्हणणं मला बरं वाटत नाही, पण गावानं तोच शब्द धरला.

निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळे जीपा सगळ्या प्रचाराला लागलेल्या. मिळाली ती पुलगावच्या मधुकररावांची मेटॅडोर. एरवी ती कापूस वाहायची. आत बसलं की केसांना, लुगड्याला रुई चिकटायची. गाडीचा ड्रायव्हर आमच्याच गावचा कवडू, बुद्धविहाराच्या शेजारी राहणारा. गाडी चांगली चालवायचा, तोंडही चालवायचा. मेटॅडोरची बॅटरी कमजोर होती. सकाळी धक्का मारल्याशिवाय ती उठायची नाही.

आम्ही नऊजणी होतो. विमलाबाई पुढे गायची. पेटी शकुबाईकडे. शकुबाई अंगानं भरभक्कम, आणि बोलायला लागली की समोरच्यानं निमूट ऐकावं अशी. ढोलकी तानाबाईकडे. तानाबाई म्हणजे बाबारावांची धाकटी सून, आमच्यात सगळ्यांत लहान. माझा आवाज बारीक, म्हणून माझ्याकडे टाळ. बाकीच्या मागे म्हणणाऱ्या.

निघायच्या आधी विमलाबाईनं नियम सांगितले. वीणा हातातून हातात. जमिनीवर नाही, सीटवर नाही, खुंटीला नाही. जिची पाळी, तिनं दुसरी येईपर्यंत जागा सोडायची नाही. ज्यांची अडचण जवळ आली असेल त्यांनी घरीच राहायचं. आमच्यातल्या बहुतेक त्यातून सुटलेल्या होत्या. राहिली तानाबाई. तिनं बोटांवर मोजून सांगितलं, "अजून लय दिवस हायेत मोठ्या आत्याबाई." ढोलकी तिच्याशिवाय कोणाला येत नव्हती. विमलाबाई हो म्हणाली.

पहिल्याच दिवशी एक गंमत कळली. गाडीला धक्का मारायची वेळ आली की वीणा सगळ्यांना हवी असायची. कारण वीणेवाली आत बसून राहायची.

"मी घेते, मी घेते, तुमचे हात दुखले असतीन," शकुबाई म्हणाली.

कवडू खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "शकुबाई, तुम्ही खाली उतरा. तुम्ही एकट्या लोटलं तं गाडी डायरेक पुलगावातच थांबते."

"तुह्या गाडीले बॅटरी नाई अन् तुह्या जिभेले बिरेक नाई," शकुबाई म्हणाली आणि उतरली.

नालवाडीचं भजन चांगलं झालं. वर्ध्याला चिकटलेली वस्ती, नोकरदार माणसं, बायका स्वेटर घालून बसलेल्या. विमलाबाईनं वीणा गळ्यात घेऊनच भजन म्हटलं. मुक्काम एका शाळेच्या खोलीत होता. रात्रभर आळीपाळीनं एकेक जण भिंतीला टेकून वीणा मांडीवर घेऊन बसली. मला माझ्या जपाची सवय असल्यानं पहाट सोपी गेली. चहाच्या आधी माझी माळ पूर्ण व्हावी लागते, म्हणून मी पहाटेची पाळी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेवाग्राम. बापूंची कुटी आमच्यातल्या सहाजणींनी पहिल्यांदाच पाहिली. मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, काठी, चरखा. शकुबाईचा पुतण्या तिथल्या दवाखान्यात कामाला होता, तो सुटी काढून आला आणि सगळं दाखवत हिंडला. वीणा तेव्हा शकुबाईच्याच गळ्यात. झाडाखाली सगळ्या चटईवर बसल्या आणि शकुबाई उभी.

"काकू, बसा ना," पुतण्या म्हणाला.

"बसली तं भोपळा टेकते. तू मले शिकवू नको. जा, चहा आण."

एक म्हातारे गृहस्थ विचारायला आले की कीर्तन कुठे आहे. शकुबाई म्हणाली, "मेटॅडोरमधी." ते बिचारे खरंच मेटॅडोरपर्यंत जाऊन आले.

तिथून पवनार. तो गुरुवार होता. मार्गशीर्षातल्या गुरुवारी माझी महालक्ष्मीची पूजा असते, ती मी कुठंही असले तरी चुकवत नाही. घट मांडायचा तर नदीकाठ बरा, म्हणून मी कलश, पाच पानं, सुपारी असं सगळं पिशवीत घेतलं होतं. धाम नदीला तेव्हा खडकांमधून चांगलं पाणी होतं. सगळ्याजणी पाय धुवायला खाली उतरल्या. विमलाबाईही उतरली. वीणेची पाळी तानाबाईची. ती वर रस्त्याच्या कडेला, गाडीजवळ उभी राहिली. चाकात हवा कमी वाटली म्हणून कवडू जॅक लावून काहीतरी करत होता.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. तानाबाईनं आणि कवडूनं जे सांगितलं तेच लिहिते.

तानाबाईला उभ्या उभ्या कळलं की आपल्याला अडचण आली. मोजलेले दिवस चुकले होते. कदाचित गाडीचे धक्के, कदाचित रात्रीचं जागरण. अशा अंगानं वीणा धरायची नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. खाली ठेवली तर पैज हरली, आणि चारचौघांत सासऱ्याचंच म्हणणं खरं ठरलं. तिनं नदीकडे हाका मारल्या. पाण्याचा आवाज, आमच्या बायकांची बडबड, कोणाला काही ऐकू गेलं नाही. चालत खाली जावं तर तोवर वीणा तिच्याच अंगाला. तिच्या मनात एवढंच की ही आता माझ्या हातातून सुटली पाहिजे, या घडीला.

"कवडूभाऊ," ती म्हणाली. "हे धरा."

कवडूनं वर पाहिलं. "मी? काऊन?"

"धरा म्हणते ना. खाली नका ठेवजा. मी शिवू शकत नाई."

कवडूला बायको आहे, बहिणी आहेत. त्याला कळलं. पण तो मागे सरकला. "ताई, माह्या बापानं छप्पन साली नागपूरले जाऊन बावीस प्रतिज्ञा घेतल्या. आमच्या घरात हे देव, पूजा काई नाई. मी वीणेच्या पाया पडणार नाई."

"पडू नका! कोण म्हणते पडा? निस्ती धरा!"

"हात काळे हायेत. पुसतो, थांबा."

"पुसाले टाईम नाई भाऊ," तानाबाई म्हणाली आणि रडायलाच लागली.

तेव्हा कवडूनं पँटला हात पुसले आणि वीणा घेतली. गळ्यात अडकवली नाही. दोन्ही हातांनी दांडी धरून, लहान मूल धरावं तशी छातीशी उभी धरली. तानाबाई गाडीच्या पलीकडे जाऊन बसली.

आता कवडू हलेना. जॅक तसाच, चाक अर्धवट वर. तेवढ्यात नागपूरकडून यात्रेकरूंची एक बस आली. बसमधली एक म्हातारी उतरली, तिला वीणा दिसली, आणि तिनं सरळ कवडूच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अहो मायबाई, उठा," कवडू म्हणाला. "मी डायवर हाये."

"असू दे रे बाबा," म्हातारी म्हणाली. तिच्यामागून आणखी चौघे आले. कवडू म्हणतो, आयुष्यात एवढा घाम त्याला थंडीत कधी आला नव्हता.

मी पूजा आटोपून वर आले तर हे असं. माझ्यामागून विमलाबाई, शकुबाई, सगळ्याच. शकुबाईनं आधी कवडूकडे पाहिलं, मग इकडे तिकडे.

"तानाबाई कुठी गेली? अन् हे काय? तुह्या हातात कोणं देल्ली?"

"जिनं देल्ली तिले विचारा. मले आधी हे घ्या, माह्यं चाक लटकून राह्यलं."

तानाबाईनं गाडीमागूनच सगळं सांगितलं. विमलाबाई पुढे झाली. पदरानं हात कोरडे केले, वीणेला हात घातला, आणि नियमाप्रमाणे खाली वाकली. कवडू दोन पावलं मागे गेला.

"बाई, मी वाकणार नाई."

"नको वाकू. तुही गोष्ट तुह्याजवळ. वीणा देणाऱ्याच्या मी पाया पडते, ती माही गोष्ट."

शकुबाईला हे पाहवलं नाही. ती तोंड फिरवून उभी राहिली. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेव्हा चलबिचल होती. आम्ही त्यांच्या हातचं पाणी पीत नव्हतो, त्या काळात आमच्यापैकी कोणीच पीत नव्हतं. आणि आमची वीणा त्याच्या छातीशी. पण टेकली नव्हती, हेही खरं.

पुढच्या दोन दिवसांत ढोलकी बंद राहिली. सेलूच्या भजनात लोकांनी विचारलंच, "ढोलकीवाली कुठी गेली?" विमलाबाई म्हणाली, "हाये, आज ऐकाले बसली." टाळांवर कसंतरी रेटून नेलं. भजन पडलं, असंच म्हणावं लागेल. शकुबाईची पेटी एकीकडे आणि मागच्या बायका एकीकडे. हिंगणीला जरा सावरलं.

तानाबाईला आम्ही शिवत नव्हतो, पण गाडीत जागा तर तेवढीच. तेव्हा कवडूच म्हणाला, "ताई, समोर माह्या बाजूले बसा. तिथी तुमाले कोणी शिवत नाई, अन् मलेही नाई." तानाबाईला रडता रडता हसू आलं. केळझरचा गणपती टेकडीवर. आम्ही चढून गेलो आणि ती खाली गाडीत बसून राहिली. बोर धरणावर मात्र ती काठावर एकटी लांब चालत गेली आणि पुष्कळ वेळ पाणी पाहत उभी राहिली. धरणाचं पाणी तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. मी वीणा घेऊन तिच्यापासून थोड्या अंतरावर उभी होते.

"अन्नपूर्णाबाई," ती म्हणाली, "मामाजी मले घरात घेतीन का वो?" मामाजी म्हणजे तिचे सासरे, बाबाराव.

"अडचण तं सगळ्याइले येते."

"अडचणीचं नाई म्हणत मी. कवडूभाऊच्या हातात देल्ली, त्याचं."

मी नाव घेत राहिले.

परतताना आंजी, खरांगणा मागे गेलं आणि गाडीत तोच विषय निघाला. शकुबाई म्हणाली, "सांगाची गरज काय? टेकली का नाई टेकली, एवढंच तं भाऊजीनं विचारलं होतं. टेकली नाई. झालं."

"खरं खरं सांगा म्हणले होते," मी म्हणाले.

"खरंच तं हाये. कमी सांगणं म्हणजे खोटं नव्हे. मी पोरीचा संसार पाहून राह्यली."

कवडू समोरून म्हणाला, "माह्यं नाव घेऊ नका, मीही सांगतो. तुमचं काम बिघडीन अन् गावात मलेच चार शब्द ऐका लागतीन. मी धरली, ते मी ताईकडं पाहून धरली. पहाऱ्यासाठी नाई."

विमलाबाई खिडकीतून बाहेर पाहत होती. वीणा तिच्या मांडीवर. "पाहू," एवढंच म्हणाली.

आम्ही गावात पोचलो ती तिसऱ्या प्रहराची वेळ. सप्ताह दुसऱ्या दिवशी सकाळी बसायचा होता, मंडप बांधून झाला होता. गाडी मंदिरासमोर थांबली तर पाच-पन्नास माणसं आधीच जमलेली. विमलाबाई वीणा गळ्यात घालून पायऱ्या चढली, आम्ही मागे. तानाबाई डोक्यावरचा पदर ओढून खाली पायऱ्यांपाशी थांबली. कवडू मागचं फळकट उघडून पेटी, गाठोडी काढायला लागला.

"टेकली?" बाबारावांनी विचारलं.

"नाई टेकली," विमलाबाई म्हणाली.

माणसांत जरा गलका झाला. कोणीतरी म्हणालं, "जिकल्या बाप्पा बाया." बाबारावही हसले. त्यांनी विचारलं ते सहज होतं, कुठला संशय त्यात नव्हता. "नऊच्या नऊजणीइनं धरली?"

आता हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. नऊजणींनी धरली होतीच. शकुबाईनं विमलाबाईकडे पाहिलं. विमलाबाईनं विठ्ठलाच्या मूर्तीकडे पाहिलं आणि म्हणाली, "नऊजणीइनं धरली. अन् कवडूनं."

बाबारावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"कोण कवडू?"

"हा. गाडीवाला."

"त्याच्या हातात काऊन देल्ली?"

विमलाबाई काही बोलायच्या आत पायऱ्यांखालून आवाज आला. "म्या देल्ली मामाजी." तानाबाई सासऱ्यासमोर कधी मान वर करून उभी राहिलेली नव्हती. तेव्हाही मान खालीच होती, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "पवनारले मले अडचण आली. जवळ कोणी नव्हतं. खाली ठेवाची नव्हती."

बाबारावांचा चेहरा लाल झाला. भर मंडपात सुनेनं हे बोलावं! "म्हणूनच," ते म्हणाले, "म्हणूनच मी बैठकीत म्हणत होतो. हे होणारच होतं."

"झालं ना मंग," विमलाबाई म्हणाली. "तुम्ही म्हणले ते झालं. लेकरू रडलं नाई, दूध उतू गेलं नाई, पण अडचण आली. अन् तरी वीणा खाली गेली नाई. हेच तं पाहाचं होतं ना भाऊजी?"

"पण गेली कोणाच्या हातात!"

"हातातच गेली. तुम्ही म्हणता तो हात मोजाचा नाई, तं वीणा तेव्हा हवेत होती का? कोणीतरी धरली म्हणूनच टेकली नाई. तो हात मोजा, नाई तं आम्ही हरलो म्हणून सांगा."

मग डोमाजी, मंदिराचे पुजारी, फार म्हातारे, हळूच म्हणाले, "आता वाद काऊन? गोमूत्र शिंपडून घेऊ वीणेवर. शुद्ध होते. सकाळी बसवू." बाबारावांना ते पटलं. सगळ्यांनाच पटल्यासारखं दिसलं. आमच्यातल्याही दोघींनी माना हलवल्या. मीही हलवली असती. डोमाजींनी तांब्या आणला.

विमलाबाईनं वीणा छातीशी धरली. "शिंपडाचं तं माह्यावर शिंपडा. तिच्यावर नाई. माह्या हातातून काढून कोणाले शिंपडता येते ते पाहू. अन् कवडूनं काई घाण केली असंन, तं आधी त्याच्यावर शिंपडा. तो काय तिथी उभा हाये."

सगळ्यांनी वळून पाहिलं. कवडूच्या हातात शकुबाईची पेटी होती. त्यानं ती शांतपणे फळकटावर ठेवली.

"मले नका विचारू बाबारावजी," तो म्हणाला. "आमच्यावर पाणी शिंपडाचे दिवस गेले. माह्या बापानं ते संपवले. मी येतो, गाडी पुलगावले पोचवाची हाये." आणि तो गाडीत बसला. गाडी उताराला होती, धक्का लागला नाही.

बाबाराव घरी निघून गेले. डोमाजींनी तांब्या एका बाजूला ठेवला. विमलाबाई तशीच उभी. माणसं पांगायला लागली तेव्हा शकुबाई म्हणाली, "आता काय? रातभर उभी राह्यतं का?"

"आपला दौरा संपला का?" विमलाबाई म्हणाली. "कोणी घेतल्याशिवाय मी कोणाच्या हातात देऊ? पाळ्या लावा."

आम्ही पाळ्या लावल्या. मंदिरातच थांबलो. शकुबाईनं घरून भाकरी मागवल्या. बायका येऊन पाहून जात होत्या. काही बसल्याही. पहाटेची पाळी माझी होती. माळ माझ्या मनगटाला गुंडाळलेली, तार छेडत मी नाव घेत होते. दिवस उगवायच्या सुमाराला बाबाराव अंघोळ करून, अंगावर उपरणं घेऊन आले. सप्ताह त्यांनाच बसवायचा होता, आणि वीणेशिवाय सप्ताह बसत नाही.

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. तांब्या तिथंच होता. त्यांनी तो पाहिला.

"अन्नपूर्णा," ते म्हणाले, "तू सांग. पवनारले टेकली नाई ना खरंच?"

"नाई टेकली."

"त्यानं गळ्यात घातली होती?"

"नाई. छातीशी धरली होती. लहान लेकरू धरावं तशी."

बाबारावांनी उपरणं सारखं केलं. मग वाकले. मीही वाकले. त्यांनी वीणा गळ्यात घातली आणि पहिली तार छेडली. तांब्याला कोणी हात लावला नाही. डोमाजींनी नंतर तो उचलून मागे नेला, तोही कोणी पाहू नये असा.

तार छेडता छेडताच बाबाराव म्हणाले, "दुपारचे दोन पहारे तुमचे."

शकुबाई भिंतीला टेकून पेंगत होती. ती टक्क जागी झाली. "दुपारचेच काऊन? तेव्हा देवळात कुत्रंही नसते."

"पंक्तीचा सैपाक कोण करीन मंग? सकाळी तुम्ही चुलीपाशी."

"तुम्ही करा ना. सहा माणसं रिकामी बसून राह्यते मंडपात."

"शकुबाई, मी नाव घेऊन राह्यलो."

"घ्या ना. मी का थांबवून राह्यली?"

विमलाबाई म्हणाली, "दुपारचे चालतीन. यंदा."

संध्याकाळी ती स्वतः बुद्धविहाराकडे गेली आणि कवडूला शेवटच्या दिवशीच्या पंगतीचं बोलावणं देऊन आली. मी विचारलं, येणार का तो. ती म्हणाली, "त्यानं विचारलं, वीणा धरली नसती तं बोलावलं असतं का? मी काय सांगू?" कवडू त्या पंगतीला आला नाही. त्याचं मला वाईट वाटलं, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता आलं नाही.

तानाबाईला घरात घेतलं. बाबाराव तिच्याशी काही दिवस बोलले नाहीत, तेवढंच. अडचणीचे दिवस सरल्यावर न्हाऊन ती एका दुपारी मंदिरात आली. विमलाबाईचा पहारा संपत आला होता. ऊन मंडपाच्या कनातीतून आत आलं होतं, आणि शकुबाई म्हणाली होती तसंच, ऐकायला कोणी नव्हतं. एका खांबाला टेकून बाबाराव हिशेबाच्या कामात होते. तानाबाई विमलाबाईसमोर जाऊन उभी राहिली. दोघी एकमेकींच्या पाया पडल्या आणि तिनं वीणा गळ्यात घेतली. बाबारावांनी वर पाहिलं, मग आपली जागा बदलून खांबाच्या पलीकडे, मागच्या बाजूला जाऊन बसले. तिथून दिसत नाही. ऐकू मात्र येतं.